पाठीचं माप

ब्लाउजचं माप घेताना मी आधी बाईच्या मागे जाऊन उभी राहते. पुढची मापं नंतर. पाठ बघितल्याशिवाय ब्लाउज अंगावर बसत नाही, असं माझ्या शिवणाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खांद्यावर टेप ठेवली की दिसतं, डावा खांदा उजव्यापेक्षा पाव इंच खाली आहे. कुणाची एक बाजू जास्त भरलेली, कुणाला किंचित पोक, कुणाचा कणा मधेच डावीकडे कलून परत मध्यावर आलेला. गेली चोवीस वर्षं मी कोथरूडला, डहाणूकर कॉलनीत, घरच्या घरी ब्लाउज शिवते. मापांच्या सात वह्या भरल्यात. त्या सातही वह्यांत दोन्हीकडून अगदी सारखी अशी एकही पाठ नाही. आणि त्यातल्या कितीतरी जणी ठणठणीत आहेत. दोन जिने चढून येतात, माप देतात, चहा घेतात आणि भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत घेऊन उतरून जातात.

हे सगळं मला माहीत होतं. तरी माझ्या स्वतःच्या कण्याचा रिपोर्ट हातात आला तेव्हा यातलं काहीही मला आठवलं नाही आणि पुढचं दीड वर्ष मी घाबरून काढलं. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी अनेकींची कंबर दुखते, आणि माप देता देता त्या तेच शब्द बोलतात जे मी तेव्हा बोलायचे. गॅप आलीय. मणका सरकलाय. नस दबलीय. मला या शब्दांनी दुखण्याइतकाच त्रास दिला, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात झाली नोव्हेंबर २०१८ मध्ये. तुळशीची लग्नं होऊन लग्नसराई सुरू झाली होती आणि एका घरचे अकरा ब्लाउज चार दिवसांत द्यायचे होते. रात्री साडेदहा वाजता हातातून खालच्या दोऱ्याची बॉबिन निसटली आणि मशीनखाली घरंगळत गेली. ती उचलायला मी खुर्चीवरून वाकले, धड अर्धीही वाकले नसेन, आणि कमरेत अशी काही चमक भरली की तोंडून आवाजही फुटेना. एक हात मशीनच्या चाकावर, दुसरा हवेत. वर येता येईना, खाली जाता येईना. चाक माझ्या वजनाने हळूहळू फिरत होतं आणि सुई खाली-वर होत होती, ते मला आजही दिसतं. ह्यांनी येऊन काखेत हात घालून मला उभं केलं.

सासूबाई म्हणाल्या, उसण भरलीय, पायाळूचा पाय लागला की जाईल. आमच्या जुन्या वाड्यातल्या एका कुटुंबातला बारा वर्षांचा मुलगा पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला, होता. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आले. बिचाऱ्याला खूप संकोच वाटत होता. त्याने तीनदा माझ्या कमरेला अलगद पाय लावला आणि प्रत्येक वेळी वाकून नमस्कार केला. आठ दिवसांत मी मशीनवर परत बसले. सासूबाईंना समाधान वाटलं, आणि मलाही. त्यांच्या मायेला मी आजही नावं ठेवत नाही. पुढे कळलं ते इतकंच की अशी अचानक धरलेली कंबर बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत सुटतेच, कुणाचा पाय लागो न लागो.

माझी मात्र सुटली आणि परत धरली. फेब्रुवारीत एकदा, होळीच्या सुमारास एकदा. मेपर्यंत रोजचंच झालं. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायचा म्हणजे मनाची तयारी करावी लागते.

जून २०१९ मध्ये एमआरआय झाला. एल४-एल५ आणि एल५-एस१ या कमरेच्या तळाच्या मणक्यांमधल्या दोन ठिकाणी डिस्क बल्ज, झिजेचे बदल. ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "एक्केचाळीसाव्या वर्षी साठीचा कणा झालाय तुमचा. गॅप आलीय. वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, वजन उचलायचं नाही. शिवणकाम बंद केलंत तर उत्तम." आम्ही खोलीत तीन-चार मिनिटं असू. बाहेर येऊन मी बाकावर बसले तर ह्यांनी "हळू, हळू" म्हणत मला दंडाला धरून बसवलं. आत जाताना मी माझी मी चालत गेले होते.

मग तीन आठवडे पलंगावर पडून राहिले. कमरेला पट्टा. दहा दिवस पायांना वजनं लावून ट्रॅक्शन. गोळ्या, आणि गोळ्यांनी झालेल्या आम्लपित्तावर आणखी गोळ्या. शेजारच्या काकूंनी फळीवर झोपायला सांगितलं, तेही केलं. तीन आठवड्यांनी उठले तेव्हा पाय लटपटत होते आणि कंबर जास्तच दुखत होती.

पण खरं नुकसान वेगळंच झालं. मी वाकणं सोडलं. अजिबात सोडलं. खाली पडलेल्या टाचण्या आणि हुक उचलायला मी लोहचुंबकाला दोरी बांधली होती आणि उभ्या उभ्या ते जमिनीवरून फिरवायचे. कापड पडलं तर पायाच्या बोटांनी उचलायचे. केर ह्यांनी काढायचा, बादली मुलीने भरायची. त्या वर्षी गौरींपुढे मला पाटावर बसता आलं नाही. हळदीकुंकू मी उभ्यानेच दिलं. बहिणीच्या मुलाच्या मुंजीत मातृभोजनाची पंगत बसली होती, मुलगा आईच्या ताटात जेवत होता, आणि मी मागे भिंतीला पाठ लावून उभी होते. बहिणीने खुर्ची आणून दिली. पंगतीत एकटीने खुर्चीवर बसायचं कसंतरी वाटलं, म्हणून मी उभीच राहिले. त्या रात्री घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले.

माझा समज असा होता की कण्यात काहीतरी पुढे-मागे लटकतं आहे आणि चुकीचं वाकले तर ते सुटून जाईल. कुणी तसं तोंडाने सांगितलं नव्हतं. 'सरकली', 'गॅप', 'दबली' या शब्दांतून ते चित्र माझं मीच तयार केलं होतं. दुसरं कुठलं चित्र तयार होणार होतं त्यातून?

२०२० च्या टाळेबंदीत मास्क शिवले, दिवसाला साठ-सत्तर, तासन्‌तास एका जागी बसून. त्याबद्दल फार लिहीत नाही. त्या काळात सगळ्यांचंच काही ना काही दुखत होतं.

जानेवारी २०२१ मध्ये मैत्रिणीच्या सांगण्यावरून एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. तरुण मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची. मी रिपोर्ट पुढे केला तर म्हणाली, "काकू, तो नंतर बघू. आधी सांगा, कसं दुखतं?"

मी म्हटलं, दुखतं म्हणजे दुखतं. ती म्हणाली, "नाही, सावकाश सांगा. मला वेळ आहे."

मग मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली, मराठीतच. सकाळी अवघडलेली असते. बसून बसून भरून येते. वाकलं की कळ येते. डाव्या मांडीत कधीतरी मुंग्या येतात. रात्री ठणकते. काम जास्त झालं की शिणवटा येतो, पण तो वेगळा, तो सगळ्या अंगाचा. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत ते त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं. ठुसठुसणं वेगळं, ठणकणं वेगळं, चमक वेगळी, कळ वेगळी, भगभग वेगळी. दीड वर्षात ते मला कुणी विचारले नव्हते. रिपोर्टमधले शब्द सगळ्यांनी वाचले होते. माझे शब्द तिने पहिल्यांदा लिहून घेतले. ते तिच्या कामाचेही होते. भरून येणं, अवघडणं हे स्नायूंच्या ताठरपणाशी जुळतं, तर मुंग्या, बधिरपणा, पायातून वीज गेल्यासारखं होणं हे नसेकडे बोट दाखवतं, असं तिने सांगितलं. मग मला टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, आडवं करून एकेक पाय सरळ वर उचलला. सगळं झाल्यावर म्हणाली, "पायातली ताकद उत्तम आहे. आता रिपोर्ट दाखवा."

रिपोर्ट वाचून तिने जे सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत लिहिते.

मणक्यांमधली चकती, म्हणजेच डिस्क, ही बशीवर ठेवलेल्या बशीसारखी सुटी नसते. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते, त्यामुळे ती 'सरकत' नाही. बाहेरून चिवट तंतूंची कडी, आत मऊसर गर. कडीत एकावर एक थर असतात, एका थरातले तंतू एका बाजूला तिरके तर पुढच्या थरातले उलट बाजूला. हे ऐकल्यावर मला ते चित्र लगेच दिसलं. उरेब पट्टी, म्हणजे तिरकं कापलेलं कापड, एका दिशेने ताणलं जातं. पण दोन उरेब पट्ट्या उलटसुलट ठेवून शिवल्या की त्या एकमेकींना धरून ठेवतात. आपल्या कण्यात असे कितीतरी थर आहेत! वयाबरोबर चकतीतलं पाणी कमी होतं, ती थोडी बसकी होते, कड जराशी बाहेर येते. बल्ज म्हणजे ते. आणि ज्याला सगळे 'गॅप आली' म्हणतात त्यात मणक्यांमधली जागा वाढत नाही, उलट कमी होते. म्हणजे शब्दच उलटा.

पुढे तिने आकडे सांगितले, ते मी त्याच दिवशी मापांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले. २०१५ मध्ये संशोधकांनी ३३ अभ्यास एकत्र करून ३,११० माणसांचे स्कॅन तपासले. ही सगळी अशी माणसं होती ज्यांची कंबर दुखत नव्हती. त्यांच्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या. डिस्क बल्ज विशीत ३० टक्क्यांना आणि पन्नाशीत ६० टक्क्यांना. कुणालाही दुखत नसताना.

मी तिथे बसल्या बसल्या माझ्या सात वह्या आठवल्या. पाव इंच खाली असलेले खांदे, कललेले कणे आणि भाजीच्या पिशव्या घेऊन जिना उतरणाऱ्या बायका. बाहेरून पाठ वाकडी असली म्हणजे ती दुखतेच असं नाही, हे मला हाताने माहीत होतं. आतूनही तसंच असू शकतं, हे कळायला दीड वर्ष गेलं.

त्या मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली ती मला खरी वाटेना, म्हणून मी घरी करून पाहिली. ती म्हणाली, चकत्या रात्रभरात पाणी शोषून फुगतात आणि दिवसभराच्या वजनाने ते थोडं थोडं बाहेर पडतं, त्यामुळे माणूस सकाळी उंच असतो. माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. रात्री दहा वाजता तिला दाराच्या चौकटीला उभं करून डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि पेन्सिलीने रेघ मारली. सकाळी सहाला तिला झोपेतूनच उठवून परत तिथे उभं केलं. टेप लावली. दोन रेघांमध्ये दीड सेंटीमीटर, अर्ध्या इंचाहून थोडं जास्तच. मी तीन दिवस मोजलं. चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडतो, सुटतो, पाणी आत-बाहेर होतं, त्यातूनच तिचं पोषण होतं. ही जिवंत वस्तू मी तीन आठवडे पलंगावर निजवून ठेवली होती. तेव्हापासून सकाळी उठल्याबरोबर पहिला अर्धा तास मी भरलेली बादली उचलत नाही, कारण फुगलेल्या चकत्यांमुळे तेव्हा कंबर ताठ असते. महापालिकेचं पाणी सकाळी येतं, पण अर्धा तास थांबतं.

मग प्रश्न उरला, झीज एवढं सांगत नसेल तर दुखतं कशाने?

हे समजायला मला माझं मशीनच उपयोगी पडलं. मशीनच्या तोंडाशी एक गोल बटण असतं. त्याला आम्ही टेन्शनच म्हणतो. दोन लहान चकत्यांमधून दोरा जातो, बटण आवळलं की त्या दोऱ्याला घट्ट धरतात. जास्त आवळलं तर चांगला मजबूत दोरासुद्धा तटातट तुटतो. नवीन मुलगी शिकायला आली की ती दोऱ्याला दोष देते, रीळ बदलते, सुई बदलते. मी म्हणते, आधी टेन्शन बघ. दुखण्याचा निरोप कमरेपासून मेंदूपर्यंत जाताना वाटेत असाच कमी-जास्त होतो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये हे मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं, ते कधी उघडतं, कधी लोटलं जातं. दुखणं महिनोन्‌महिने राहिलं की मज्जासंस्था हळवी होते. झोप झाली नाही, घरात काळजी आहे, ऑर्डर वेळेत जात नाहीये, आणि सगळ्यात मोठी म्हणजे भीती, या गोष्टी ते बटण आवळत जातात. मग साध्या वाकण्यालाही कंबर ओरडते. याचा अर्थ दुखणं खोटं किंवा मनाचा खेळ असा नाही. दोरा खरोखरच तुटतो. तुटण्याचं कारण फक्त दोऱ्यात नसतं.

उपाय लांबचा निघाला, पण अवघड नव्हता. फिजिओथेरपिस्ट मुलीने माझी पडलेली बॉबिनच घेतली. पहिल्या आठवड्यात ती खुर्चीवर ठेवायची आणि वाकून उचलायची, दिवसातून दहा वेळा. श्वास रोखायचा नाही. मी पहिल्यांदा वाकले तेव्हा हाताला घाम फुटला होता, आणि दुखलं थोडंसंच. दुसऱ्या आठवड्यात स्टुलावर. मग दोन पाट एकावर एक, मग एक पाट. जमिनीवरची बॉबिन मी सातव्या आठवड्यात उचलली. एप्रिलपर्यंत पाच किलोची तांदळाची पिशवी उचलत होते. "दुखलं म्हणजे काही तुटलं असं नाही, काकू," हे ती दर वेळी म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं नेहमीच्या पातळीवर आलेलं असेल तर पुढे जायचं, नाहीतर त्याच पायरीवर थांबायचं, एवढा एकच नियम.

कामाच्या जागेत दोन बदल केले. कापड मी जमिनीवर सतरंजी टाकून किंवा पलंगावर वाकून कापायचे. आता टेबल आहे आणि त्याच्या पायांखाली विटा घालून ते माझ्या कमरेच्या वर चार बोटं येईल एवढं उंच केलंय. दुसरं, एक बॉबिन संपली की उठायचं. घड्याळ लावून पाहिलं होतं, पण ते वाजलं की मी बंद करायचे आणि शिवत राहायचे. बॉबिन संपल्यावर मात्र उठावंच लागतं. भरलेल्या बॉबिनचा डबा मी मुद्दाम स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवलाय. तिथवर जायचं, ओट्याला दोन्ही हात टेकून मागे सरकत पाठ लांब करायची, चार-पाच श्वास, आणि परत. हे ओट्याचं आसन मला एका योगशिक्षिकेने दाखवलं. पुण्यात कंबर दुखते म्हटलं की कुणीतरी योगासनं सुचवतंच, आणि ते साहजिक आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये या गावात आले आणि त्यांनी खुर्ची, पट्टे, लाकडी विटा, भिंतीचे दोर घेऊन ज्यांचं अंग वळत नाही त्यांनाही आसनं करता येतील अशी वाट काढली. शिवाजीनगरची त्यांची संस्था १९७५ पासून आहे. मला त्यातलं थोडंसंच येतं. पण कुठला एक व्यायाम बाकी सगळ्यांपेक्षा फार सरस आहे असं संशोधनातही दिसत नाही. ज्याला पोहायला आवडतं त्याने पोहावं.

मी चालते. थोरात उद्यानात सुरुवात केली, दहा मिनिटांनी. आता आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, रविवारी म्हातोबा टेकडी. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. नुकतीच कंबरदुखी होऊन बऱ्या झालेल्या ७०१ लोकांपैकी काहींना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्याचा कार्यक्रम दिला. त्यांची कंबर परत धरायला साधारण २०८ दिवस गेले, ज्यांना काही दिलं नव्हतं त्यांची ११२ दिवसांतच धरली. रविवार पेठेत अस्तरं आणायला पूर्वी मी गाडीवरून जायचे, खड्ड्या-खड्ड्याला कंबर आवळून. आता मेट्रोने मंडईला उतरते आणि तिथून पिशवी पाठीला लावून चालत जाते.

आणखी एक बदल घरात झाला. हे रोज संध्याकाळी आल्या आल्या विचारायचे, "आज कितपत दुखतंय?" काळजीनेच विचारायचे. पण विचारलं की मी कमरेकडे लक्ष द्यायचे आणि ती दुखत असायचीच. त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने ह्यांना बोलावून सांगितलं, "काका, प्रश्न बदला. आज काय काय केलंस, असं विचारा." पहिले चार दिवस दोघांनाही ते नाटकी वाटलं. आता सवय झालीय. मी सांगते, तीन गळे केले, काजं राहिली, टेकडीवर मोर दिसला.

पट्टा मी कधीच काढून ठेवला. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीबद्दल सूचना काढल्या, म्हणजे ज्या कंबरदुखीमागे ठरावीक आजार सापडत नाही तिच्याबद्दल, आणि बहुतेक कंबरदुखी तशीच असते. त्यात व्यायाम, समजावून सांगणं, मानसोपचारातल्या काही पद्धती, मसाज यांना जागा आहे. पट्टे नकोत, ट्रॅक्शन नको, अफूच्या जातीची वेदनाशामकं नकोत, असं स्पष्ट म्हटलंय. २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती, असंही त्यांचंच म्हणणं आहे. इतक्या माणसांना वाकू नका म्हणून सांगायचं का? फळीवर झोपण्याबद्दल स्पेनमध्ये ३१३ लोकांवर प्रयोग झाला होता, २००३ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. काकूंना मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

हे सगळं वाचून कुणी दुखणं अंगावर काढू नये, म्हणून हे मला लिहायलाच हवं. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलता येईना, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात जा. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पूर्वी कर्करोग झालेल्याची नवी कंबरदुखी, झोपून राहिलं तरी रात्रभर न थांबणारा ठणका, बारीक ताप, वजन उतरणं, ही लक्षणं दाखवलीच पाहिजेत. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग होतो आणि तो सुरुवातीला नुसत्या पाठदुखीसारखाच वाटतो. वेळेत कळला तर औषधांनी बरा होतो. तरुण मुलामुलींची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहत असेल आणि हालचाल केल्यावर सुटत असेल तर तो सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो. आणि वेदनाशामक गोळ्या औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने महिनोन्‌महिने आणू नका. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्या जड जातात.

माझी कंबर अजून दुखते. वर्षातून तीन-चार वेळा चांगलीच धरते. गेल्या वर्षी गौरींच्या आधी धरली, सहा दिवस राहिली. पूर्वी अशा वेळी डोक्यात एकच वाक्य फिरायचं, झालं, परत सरकली. आता मी गरम पाण्याची पिशवी घेते, त्या दिवशीची एखादी ऑर्डर पुढे ढकलते, टेकडीऐवजी बागेत दहा मिनिटं चालते आणि बॉबिन परत स्टुलावर ठेवते. सहाव्या दिवशी मी गौरींपुढे पाटावर बसले. उठताना पाटाच्या कडेला हात टेकला. एवढं चालतं.

परवा एक बाई आल्या, मुलीच्या लग्नाचे ब्लाउज टाकायला. साडीखाली पट्टा होता. "काढू का हो? गॅप आहे मला, दोन मणक्यांत," असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. पट्टा काढून त्या उभ्या राहिल्या, काचेच्या वस्तूसारख्या. मी मागे गेले, पाठीच्या रुंदीला टेप लावली. साडेतेरा. वहीत लिहिलं आणि मग लक्षात आलं, त्यांनी श्वास धरून ठेवलाय, खांदे मागे आवळलेत. मी टेप तशीच धरून विचारलं, "कसं दुखतं तुम्हाला?"

"दुखतं म्हणजे..." त्या थांबल्या. मग सांगायला लागल्या. सकाळी कसं, पोळ्या लाटताना कसं, रात्री कूस बदलताना कसं. बोलता बोलता श्वास सुटला, खांदे खाली आले. माझ्या बोटांखालची टेप ताणली गेली, म्हणून मी ती थोडी सैल सोडली आणि परत वाचली. मग साडेतेरा खोडून पावणेचौदा लिहिलं.